दाढेची दुसरी डागडुजी
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात नाशिक येथे दिलेले भाषण)



या प्रसंगी आरोग्यविषयक चार शब्द बोलावे, अशी आज्ञा मंडळाच्या चिटणीसांनी केली तेव्हा विषय शोधण्यास आम्हांस दूर जावे लागले नाही. आम्ही याच शहरात दंतवैद्याचा व्यवसाय करतो, आणि ज्ञातिबांधवांच्या तोंडून एक वाक्य आमच्या कानांवर वरचेवर पडते. 'या दाढेचे रूट कॅनाल मागेच झाले आहे, तरी ती पुन्हा त्रास देते. आता एकदाची काढूनच टाका.' या वाक्याचा पूर्वार्ध बहुधा खरा असतो. उत्तरार्धाविषयी मात्र आम्हांस आज काही सांगावयाचे आहे, आणि ते सांगताना आमच्याच हातून राहून गेलेल्या एका उणिवेची हकीकत सांगणे भाग आहे. भरल्या सभेत स्वतःचे उणे काढणे कोणास सुखाचे वाटेल? परंतु ज्या बाईंच्या दाढेची ही हकीकत आहे त्या आमच्या काकू पहिल्या रांगेत बसल्या आहेत, आणि 'सांग, सगळे सांग, काही लपवू नकोस' अशी त्यांनी आम्हांस ताकीद दिली आहे.

काकूंनी आम्हांस लहानाचे मोठे केले. तांबट लेनमधील आमच्या जुन्या घरात खाली वडिलांची व काकांची ठोकाठोकी चाले आणि वर काकूंचा संसार. आम्ही दवाखाना थाटला तेव्हा पहिल्या दिवशी खुर्चीत बसून तोंड उघडणाऱ्या त्याच. २०१३ साली त्यांची वरच्या जबड्यातील उजवीकडची पहिली मोठी दाढ किडून रात्रंदिवस ठणकू लागली. आम्ही तिचे रूट कॅनाल केले, तीन नळ्या साफ करून भरल्या, वर टोपी बसविली. ठणका थांबला. काकूंनी घरोघर आमची कीर्ती सांगितली आणि आम्हीही त्या कीर्तीवर संतुष्ट राहिलो.

पुढे २०२१ साली श्रावणातील एका पंगतीत आमची पत्नी त्यांच्या शेजारी बसली होती. काकू सगळे घास डाव्याच बाजूने चावतात, हे तिच्या लक्षात आले. खोदून विचारता कळले की दाढेच्या वर हिरडीवर एक पुटकुळी सुमारे वर्षभर येत-जात होती. ती फुटली की तोंडास खारट चव येई, आणि मग काही दिवस सारे शांत. 'मग मला का नाही सांगितलेस?' असे आम्ही विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, 'तूच केलेले काम. तुला वाईट वाटले असते.' व्यवसायातील इतक्या वर्षांत एवढे लागलेले बोल दुसरे नाहीत. तक्रार करून रोग्याने भांडावे, ते परवडते. परंतु मायेपोटी तो गप्प राहिला तर आमची चूक आमच्यापर्यंत पोहोचावी कशी? आपल्या ज्ञातीत घरचा वैद्य, घरचा वकील, घरचा सोनार असे सगळेच घरचे असतात. त्यांस नाव ठेवू नये, ही रीत चांगलीच; पण तिच्यापायी वर्षभर पू गिळणे आम्हांस मान्य नाही.

आता ही पुटकुळी म्हणजे काय, ते थोडे सविस्तर सांगतो. दाताचे वरचे कवच टणक असले तरी त्याच्या पोटात एक पोकळी असते. तीत रक्तवाहिन्या व मज्जातंतू असलेला मऊ गर राहतो, आणि तो गर मुळांतील बारीक नळ्यांतून थेट हाडापर्यंत उतरतो. कीड या गराशी पोहोचली की जंतू आत शिरतात, गर सडतो आणि ती सडण नळ्यांच्या टोकांतून हाडात झिरपू लागते. शरीर तेथे लढाई मांडते. त्या लढाईत टोकाभोवतीचे हाड विरघळते आणि क्ष-किरण चित्रात तेथे काळी छाया दिसते. कोंडलेला पू हाडातून वाट काढून हिरडीवर उघडला म्हणजे ती आपली पुटकुळी. पू बाहेर पडण्यास वाट मिळाल्यामुळे ती दुखत नाही, आणि न दुखणे हाच तिचा कावा आहे.

या सर्वांचे मूळ जंतू होत, हे निर्विवाद सिद्ध व्हावयास १९६५ साल उजाडावे लागले. त्या वर्षी अमेरिकेत काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झगेराल्ड या तिघांनी उंदरांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. काही उंदीर जन्मापासून संपूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढविलेले, तर काही नेहमीसारखे. दोहोंच्याही दाढांस भोके पाडून गर उघडा केला. नेहमीच्या उंदरांचा गर सडला व मुळाशी गळवे झाली. निर्जंतुक उंदरांच्या दाढांत मात्र अन्नाचे कण कोंबले गेले तरी गर जिवंत राहिला. इतकेच नव्हे, तर जखमेवर दाताच्याच द्रव्याचा पूल बांधला गेला. दाताच्या अंगी सोसण्याची शक्ती पुष्कळ आहे. वैरी आहेत ते जंतू. म्हणून दंतमूलोपचाराचे सारे इंगित एकाच गोष्टीत आहे: जंतू काढावेत आणि पुन्हा शिरणार नाहीत अशी बंदिस्ती करावी.

हे आपणा तांबटांस निराळे समजावून देण्याचे कारण नाही. कल्हई लावणे आपले काम नव्हे, ते कल्हईवाल्याचे. पण दारात बसून तो भाता फुंकताना आपण सर्वांनी पाहिला आहे. भांडे आधी घासून स्वच्छ केलेले नसले तर नवसागर कितीही टाका, कथील धरत नाही. धरल्यासारखे दिसते आणि पंधरा दिवसांत सुटते. मुळाच्या नळीचेही असेच आहे. आत भरावयाचा गटापर्चा हा मलाया प्रांतातील एका झाडाच्या चिकापासून होतो. १८६७ साली बोमन नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने तो दातांच्या मुळांत प्रथम भरला आणि आजही त्याची जागा पुरतेपणी दुसऱ्या कशाने घेतलेली नाही. परंतु गटापर्चा हे औषध नव्हे. ते केवळ बूच आहे. नळीत घाण राहिली असता बूच कितीही चांगले मारले तरी उपयोग काय?

मग काकूंच्या दाढेत घाण राहिली कोठे? वरच्या पहिल्या मोठ्या दाढेस मुळे तीन असतात, नळ्या मात्र पुष्कळदा चार. गालाकडील पुढच्या मुळात एका नळीच्या शेजारी दुसरी दडलेली असते, आणि तिच्या तोंडावर दाताच्याच द्रव्याची पडवी आलेली असते. वाढत्या वयाबरोबर ही तोंडे अधिकाधिक बुजत जातात. त्या नळीत शिरावयाच्या सुईचे टोक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढे, क्वचित त्याहूनही बारीक असते. २०१३ साली आमच्यापाशी सूक्ष्मदर्शक नव्हता. आम्ही साध्या डोळ्यांनी तीन नळ्या पाहिल्या, तीन भरल्या, चौथीचा शोध लागला नाही. त्रिमितीय क्ष-किरण चित्र काढले तेव्हा ती न भरलेली नळी आणि तिच्या टोकाशी वाटाण्याएवढी काळी छाया स्वच्छ दिसली. साध्या चित्रात एकीमागे एक उभ्या राहिलेल्या नळ्या एकच भासतात, एवढाच आमचा बचाव.

घरात अर्थातच वाद झाला. काकूंच्या धाकट्या जावईबापूंचे म्हणणे असे की, एकदा पैसे घालून फुकट गेले, आता दाढ काढावी आणि हाडात टायटेनियमचा खिळा बसवून वर नवा दात चढवावा. या दंतरोपणाचा आम्ही अनादर करीत नाही. ब्रॅनेमार्क या स्वीडिश संशोधकाने माणसाच्या जबड्यात असा पहिला खिळा बसविला तो त्याच १९६५ साली, आणि दात गेलेल्या असंख्य लोकांस त्याने पुन्हा चावता केले आहे. परंतु गेलेल्या दाताची ती सोय आहे. असलेला दात घालवून ती करून घेण्यात घाई आहे. नैसर्गिक दाताच्या मुळाभोवती तंतूंची एक नाजूक गादी असते. घासात खडा आला तर तीच क्षणात जबडा थांबविते. खिळ्यास ती गादी नाही. शिवाय खिळा पुढे केव्हाही बसविता येतो. काढलेली दाढ मात्र परत लावता येत नाही.

काकूंची अडचण निराळीच होती. वरची दाढ काढली की डोळा जातो, हे त्यांनी त्यांच्या आजीपासून ऐकलेले. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी हा समज असेल, आणि आम्हीही तरुणपणी त्यास हसत असू. पुढे सुश्रुतसंहिता वाचनात आली तेव्हा हसू मावळले. दातांच्या मुळाशी होणाऱ्या रोगांत सुश्रुताने 'नाडी' सांगितली आहे. हिरडीतून पू वाहणारी ही वाट म्हणजे काकूंची पुटकुळीच. ज्या दाताशी नाडी झाली तो काढावा, असे तो सांगतो, पण लगेच बजावतो की वरचा दात हलत असला तरी वैद्याने काढू नये, कारण अतिरक्तस्राव होऊन डोळा जाणे, तोंड वाकडे होणे असे घोर विकार होतात. भूल नाही, रक्त थोपविण्याची साधने नाहीत, अशा काळी वैद्याने एवढे सावध राहणे शहाणपणाचेच होते. आज दाढ काढल्याने दृष्टी जात नाही. ती भीती कोणी बाळगू नये. आम्ही काकूंस तसे स्पष्ट सांगितले. त्यावर त्या म्हणाल्या, 'डोळा नाही ना जात? बरे झाले. पण दाढ माझी आहे. घागर गळली की तुझे काका मोडीत घालीत होते का? आधी कुठून गळते ते पाहत.' जावईबापूंनी पुढे शब्द काढला नाही.

येथे थोडे विषयांतर करतो. आजारी मुळाचा दात सरसहा उपटावा, या मताने एकेकाळी पाश्चात्त्य देशांतही मोठा उच्छाद मांडला होता. १९१० साली विल्यम हंटर या इंग्रज वैद्याने कॅनडात मॉन्ट्रियल येथे एक व्याख्यान दिले. सडक्या मुळांवर सोन्याच्या टोप्या चढविण्याच्या त्या वेळच्या रीतीवर त्याने कोरडे ओढले, ते योग्यच होते. परंतु त्यातून असा ग्रह पसरला की संधिवातापासून मनोविकारापर्यंत सर्व दुखण्यांचे मूळ दातांत आहे. पुढील दोन-तीन दशके लोकांचे धडधाकट दातही उपटले गेले. एका व्याख्यानाचा परिणाम कोठवर जातो पाहा. म्हणूनच आम्ही आज जरा जपून बोलत आहोत.

तर काकूंची दाढ पुन्हा उघडावयाची ठरली, पण आमच्या हातांनी नव्हे. आमच्याहून पुष्कळ तरुण अशा एका तज्ज्ञाकडे आम्ही त्यांस घेऊन गेलो आणि शेजारी स्टूल घेऊन बसलो. आपण केलेले काम दुसऱ्याने उकरताना पाहणे ही मोठी शिक्षा आहे, हे कारागिरांच्या या सभेस सांगावयास नको. टोपी कापून काढली तेव्हा एक गोष्ट अशी दिसली की जिची आम्हांस कल्पनाही नव्हती: टोपीच्या कडेखालचे सिमेंट विरघळून तेथे नवी कीड लागली होती आणि लाळ खाली झिरपत होती. म्हणजे चौथी नळी सुटली होती ती सुटलीच होती. वर भरलेल्या तीन नळ्यांचे झाकणही गळके झाले होते. पहिला उपचार फसण्याची ही दोन कारणे फार आढळतात. कधी नळी टोकापर्यंत साफ झालेली नसते, कधी सुईचा तुकडा आत मोडून राहिलेला असतो; कधी रोगी टोपी बसवून घेण्याचे टाळतो आणि तात्पुरत्या भरणावर वर्ष काढतो. या शेवटच्या प्रकारचा अनुभव मात्र आम्हांस दरमहा येतो.

मग दाताभोवती रबरी पडदा ताणला, जेणेकरून लाळ आत जाऊ नये आणि औषध घशात जाऊ नये. जुना गटापर्चा द्रावकाने मऊ करून व सुयांनी उकरून काढला. त्यास आलेली दुर्गंधी खोलीभर पसरली. सूक्ष्मदर्शकाखाली ती पडवी अतिशय हळू हळू खरवडता अर्ध्या तासाने चौथ्या नळीचे तोंड दिसले. बोरूने टिंब द्यावे एवढे. आम्ही पाहिले, आणि काही बोललो नाही. सर्व नळ्या जंतुनाशक द्रवाने पुनःपुन्हा धुतल्या. हे द्रव कपडे शुभ्र करण्याच्या द्रवाच्याच जातीचे असते, आणि सुईपेक्षाही खरी सफाई तेच करते, कारण मुख्य नळीस फुटलेल्या आडवाटांत सुई जात नाही. त्यानंतर तीन आठवडे नळ्यांत विझवलेल्या चुन्याचे शुद्ध औषध भरून ठेवले. 'म्हणजे पानाला लावतो तोच ना?' असे काकूंनी विचारले. जात तीच, पण पानाचा चुना हिरडीवर लावून घेण्याचे कोणी मनावर घेऊ नये, तोंड भाजते. दुसऱ्या खेपेस पुटकुळी पूर्ण बसलेली होती. नळ्या भरल्या, वर पक्के भरण घातले आणि थोड्याच दिवसांत नवी टोपी बसविली.

हाड मात्र सावकाश भरते. एक वर्षाने काढलेल्या चित्रात छाया निम्म्यावर आली होती. २०२३ च्या चित्रात तिची केवळ पुसट खूण उरली. काही दाढांस चार वर्षेही लागतात. म्हणून दुखणे थांबले की काम झाले असे न समजता चित्र काढून पाहण्यास येत जावे.

असे यश प्रत्येक वेळी येते काय? नाही. २०११ साली लंडनच्या ईस्टमन दंतसंस्थेतील संशोधकांनी शेकडो मुळांचा मागोवा घेऊन जे प्रसिद्ध केले, त्यात पहिल्या उपचारानंतर सुमारे शेकडा ८३ आणि दुसऱ्या उपचारानंतर सुमारे शेकडा ८० मुळे पूर्ण बरी झालेली आढळली. दुसरा उपचार म्हणजे केवळ आशेवर केलेला खर्च, असे ज्यांस वाटते त्यांनी या दोन आकड्यांतील अंतर पाहावे. अर्थात ही या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्यांच्या हातची फळे आहेत, हेही सांगितले पाहिजे.

जेथे दुसरा उपचार करू नये अशाही दाढा असतात. मुळास उभी चीर गेली असेल तर तो दात वाचत नाही. गेल्याच वर्षी एका ज्ञातिबंधूंच्या खालच्या दाढेपायी आम्ही त्यांस दोनदा खेटे घालावयास लावले, आणि अखेर सूक्ष्मदर्शकाखाली चीर दिसताच ती काढावी लागली. बुडास चीर गेलेल्या भांड्यास कल्हई करून काय होणार? हिरडीच्या वर दाताचा भाग फारच थोडा उरला असेल, किंवा हाडच खचून दात डुगडुगत असेल, तरीही हट्ट धरू नये. याउलट कर्करोगासाठी जबड्यास किरणोपचार झालेले लोक, आणि हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून विशिष्ट औषधे घेणारे वृद्ध, यांची दाढ काढणेच जोखमीचे. तेथे दुसरा उपचार हाच शक्य तोवर पत्करावा. टोपीखाली मुळात जाडसर खुंटी घट्ट बसविलेली असेल आणि ती काढताना मूळ फुटण्याचे भय असेल, तर हिरडी उघडून मुळाचे टोक कापून खालून बंद करण्याची लहानशी शस्त्रक्रियाही आहे.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. सूज आली की औषधाच्या दुकानातून जंतुनाशक गोळ्या आणून घ्यावयाच्या आणि सूज उतरली की विसरावयाचे, हा परिपाठ घरोघरी आहे. मेलेल्या नळीत रक्ताभिसरण नसते. गोळी तेथे पोहोचणार कशी? ती सभोवतालची सूज उतरविते, मूळ जागचे हलत नाही. परंतु सूज गळ्याकडे किंवा डोळ्याकडे सरकू लागली, तोंड उघडेनासे झाले, गिळताना वा श्वास घेताना त्रास होऊ लागला, ताप चढला, तर दंतवैद्याची वेळ पाहत बसू नये. त्याच घटकेस इस्पितळ गाठावे. त्यात रात्र काढणे जिवावर बेतते.

खर्चाचा प्रश्न चिटणीसांनी आम्हांस मुद्दाम काढावयास सांगितला आहे. दुसरा उपचार पहिल्याहून महाग पडतो, कारण वेळ दुप्पट लागतो. तथापि दाढ काढून खिळा व नवा दात बसविणे बहुधा त्याहूनही महाग होते. ज्यांस खाजगी दवाखाना झेपत नाही त्यांनी पंचवटीतील कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयाचा विचार करावा. तेथे या विषयाचा पदव्युत्तर विभाग आहे. विद्यार्थी काम करतात ते अध्यापकांच्या नजरेखाली. वेळ अधिक जातो, खेपाही अधिक पडतात, पण शिकाऊ म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. आपल्यापैकी कोण शिकाऊ नव्हता?

आणि कोठेही उपचार घ्या, पहिल्या उपचाराची चित्रे व कागद टाकून देऊ नका. किती नळ्या सापडल्या, कोणत्या दिवशी भरल्या, वर टोपी केव्हा बसली, एवढे लिहून मागा. दुसऱ्या वैद्याचा निम्मा शोध त्यातच लागतो. दंतवैद्यास हेही विचारा: 'पहिला उपचार का फसला?' ज्याच्यापाशी याचे उत्तर नाही, त्याने दाढ काढतो म्हटले काय किंवा पुन्हा भरतो म्हटले काय, थोडे थांबावे आणि दुसऱ्यास दाखवावे. आमच्या विरुद्धही असे मत घेतलेत तर आम्हांस राग येणार नाही. काकूंनी ती सवय मोडली आहे.

त्यांच्या दाढेची २०१३, २०२१ आणि २०२३ ची चित्रे आम्ही बरोबर आणली आहेत. ज्यांस पाहावयाची असतील त्यांनी फराळानंतर व्यासपीठाजवळ यावे. पहिल्या चित्रात चौथी नळी कोठे असावयास हवी होती, तेथे आम्ही तांबड्या शाईने खूण केली आहे.